रीतिभूतकाळाचा वर्ग

३ मार्च, सोमवार

बस डेपोतल्या इंग्रजीच्या वर्गाचा पहिला दिवस. घरी आल्यावर तीनदा हात धुतले, तरी डिझेलचा वास गेलेला नाही.

खोली बस धुण्याच्या शेडवर आहे. खाली पाण्याचा मारा चालू झाला की जमीन थरथरते आणि फटींतून ओल्या रबराचा वास वर येतो. बाकं कुठल्याशा शाळेने टाकून दिलेली. टेबलावर चहाच्या पेल्यांची वर्तुळं, वर्षानुवर्षांची, एकात एक अडकलेली. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढून पसरलं आणि मगच पुस्तक ठेवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. बघेनात का.

विद्यार्थी अकरा, सगळे चाळिशीच्या आसपासचे. पर्यवेक्षकाच्या जागेसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, ती दोन एप्रिलला. म्हणजे महिनाभरात ह्यांना माणसात आणायचं. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि ह्या एकतीस वर्षांत एकाही मुलावर हात उगारला नाही. छडी नाही, पट्टी नाही, कान पिळणं नाही. व्यवस्थापकसाहेबांना मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ते म्हणाले, "वा वा, मॅडम, आम्हाला अगदी असंच प्रेमळ माणूस हवं होतं." बोलताना त्यांच्या दातांत काहीतरी अडकलेलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उत्तरं दिली.

नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. मी खुणा लक्षात ठेवते. पहिल्या बाकावरचा ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी ढेकर देतो, तो ढेकर. त्याच्या शेजारचा कंडक्टर मिशी चावतो, तो मिशी. धुलाई विभागातली एक बाई खिडकीपाशी एकटीच बसते. वारा आत येत होता, माझे कागद उडत होते. म्हटलं, "लावून घ्या ती खिडकी, नाहीतर इकडे पुढे येऊन बसा."

"राहू दे मॅडम. मी इथेच बरी आहे."

काय ताठा! ती खिडकीवाली.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तूच म्हणत होतीस ना घरात बसून कंटाळा येतो म्हणून." कंटाळा घालवायला उकिरड्यावर जाऊन बसेन, असं म्हटलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

आज रीतिभूतकाळ घेतला. पूर्वी नेहमी घडायचं ते कसं सांगायचं. मराठीत आपण 'जायचो' म्हणतो आणि मोकळे होतो. फार नटायचं असेल तर 'जात असे'. इंग्रजीत मात्र 'यूज्ड टू' आणि 'वुड' असे दोन रस्ते आहेत आणि कुठला कधी धरायचा ह्याचे नियम आहेत. पहिला नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. 'यूज्ड टू' म्हणजे तेव्हा होतं, आता नाही. संपलं.

ढेकर उभा राहिला आणि म्हणाला, "आय यूज्ड टू ड्रिंक."

"छान. म्हणजे आता सोडली."

"नाही मॅडम, पितो की."

"मग हे वाक्य चूक."

"म्हणजे व्याकरणासाठी सोडावी लागणार म्हणा की."

सगळा वर्ग खदखदून हसला. त्याच्या तोंडातलं सगळं दिसलं मला. 

खिडकीवाली हसली नाही. ती दोन्ही हात बाकाखाली धरून बसते. काय लपवते कोण जाणे. बोटं पाण्याने कुजली असतील.

घरचा अभ्यास दिला: शाळेतल्या दिवसांबद्दल दहा वाक्यं.

९ मार्च, रविवार

वह्या तपासल्या. आधी टेबलावर जुनी चादर घातली. मिशीच्या वहीवर ग्रीसचा अंगठा उमटलाय, अख्खा, पोलीस ठाण्यात देतात तसा. ढेकरच्या वहीत पानांमध्ये काहीतरी चिकटलेलं होतं, ते मी चिमट्याने काढलं. वाक्यंही तशीच. "मी आंघोळ करायचो." म्हणजे आता करत नाही?

खिडकीवालीची वही मात्र आश्चर्य वाटावं अशी निघाली. कव्हर घातलेलं, समास आखलेला, अक्षर गोल आणि जपून काढलेलं. तिची वाक्यं इथे मराठीत उतरवते, कारण वाचून माझा संताप झाला आहे.

"आमच्या बाई माझ्याजवळ आल्या की नाकाला रुमाल लावायच्या. आई लोकांचे कपडे धुवायची आणि ते आमच्याच खोलीत वाळायचे, म्हणून माझ्या फ्रॉकला ओला वास यायचा. बाई मला खिडकीपाशी उभं करायच्या. त्या मला पोतेरं म्हणायच्या. मग सगळा वर्ग मला पोतेरं म्हणायचा. मी घरी दोनदा आंघोळ करायचे. तरी त्या म्हणायच्या. मला त्यांची भीती वाटायची."

काय म्हणावं ह्याला! अकरा-बारा वर्षांच्या पोरीला असं वागवणारी बाई शिक्षिका म्हणून मिरवते! अशांना शाळेच्या फाटकातून आत सोडता कामा नये. असल्या एकदोघींमुळेच आमचा सगळा पेशा बदनाम होतो. किळस आली मला त्या बाईची, अगदी खरोखरची. ढेकरच्या वहीपेक्षा जास्त.

शेवटच्या वाक्यात तिने 'वुड' वापरलं होतं. ते चूक आहे. 'वुड' फक्त कृतीसाठी; भीती ही कृती नव्हे, मनाची अवस्था आहे, तिथे 'यूज्ड टू'च हवं. लाल शाईने दुरुस्त केलं. दहापैकी आठ दिले.

ह्यांना सगळी वाक्यं वाचून दाखवली. म्हटलं, "ऐकलंत? कुठे कुठे कसली माणसं असतात!" ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि हे भाजी आणायला निघून गेले. भाजी सकाळीच आणलेली होती.

१० मार्च, सोमवार

वर्गात नाव न सांगता मी तिची वाक्यं वाचून दाखवली. नमुना म्हणून. शेवटी माझं मतही सांगितलं, की त्या बाईला लाज वाटायला हवी. ढेकर तर टेबलावर हात आपटून म्हणाला, "नाव सांगा त्या मास्तरणीचं, बघतोच एकदा!" वर्ग तापला. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळे माझ्या बाजूने होते.

मग मी 'वुड' आणि 'यूज्ड टू'मधला फरक समजावला. भीतीचं उदाहरण घेतलं. खिडकीवालीने हात वर केला. पहिल्यांदाच.

"मॅडम, ती भीती अजून वाटत असेल तर?"

"मग तो भूतकाळच नाही. साधा वर्तमानकाळ. आय ॲम अफ्रेड."

"आय ॲम अफ्रेड," ती म्हणाली, माझ्याकडे बघत. उच्चार अगदी स्वच्छ होता. मी 'शाबास' म्हटलं.

१७ मार्च, सोमवार

खिडकीवाली सलग दोन वर्ग आली नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही. तिच्यावर मी वेळ घालवला, तिची वाक्यं फळ्यावर मांडली, त्याची ही परतफेड. साहेब म्हणाले, "मॅडम, तिला ह्यानंतर वयात बसता येणार नाही. ही शेवटची संधी. बघा ना जरा, तुमचा शब्द ती मोडणार नाही." उद्या जाऊन चांगलं सुनावते.

१८ मार्च, मंगळवार

लिहू की नको, असं करता करता शेवटी वही उघडली.

शेडमध्ये गेले. खाली सगळा काळा चिखल, साबणाचा फेस, बसच्या पोटाखालून गळणारं पाणी. कुणीतरी बसमध्ये ओकलं होतं आणि ती आत वाकून ते काढत होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात ब्रश. मला इतकं उमासलं की मी पटकन रुमाल काढून नाकाला लावला.

ती पायरीवरून खाली उतरली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अजून तसाच धरता, बाई. चार बोटांत घडी करून."

मला आधी कळलंच नाही. वर्गात ती 'मॅडम' म्हणायची. हे 'बाई' कुठून आलं?

"सहावी ब," ती म्हणाली. "एकतीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी तुम्ही दारातून आत आलात आणि मी तुम्हाला ओळखलं. म्हटलं, महिनाभर काढू. परीक्षा द्यायचीच आहे. पण त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर माझंच वाचून दाखवलंत आणि वर त्या बाईला नावं ठेवलीत. तेव्हा मात्र मला बसवेना."

मी म्हटलं, "तुमची काहीतरी गफलत होतेय. मी आयुष्यात कुठल्या मुलाला हात लावलेला नाही."

"नाही लावलात," ती म्हणाली. "वहीलासुद्धा नाही. पट्टीने सरकवायचात. इतर मुलींच्या वह्या हातात घ्यायचात आणि माझी पट्टीने."

मागून कुणीतरी बस लावण्यासाठी हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली. मीही झाले. रिक्षात बसेपर्यंत रुमाल नाकालाच होता, हे मला नंतर कळलं.

१९ मार्च, बुधवार

दुसरी कुणी बाई असेल. आमच्या शाळेत इंग्रजीला तिघी होतो.

किंवा मुलं गोष्टी वाढवून लक्षात ठेवतात. एखाद्या वेळी रुमाल लावला असेल. सर्दी असेल.

पट्टी मात्र होती. स्टीलची, बारा इंची. आठवते.

मुलीचा चेहरा काही केल्या आठवत नाही. दुपारभर प्रयत्न केला. सहावी ब, खिडकी, खिडकीबाहेर पाण्याची टाकी, सगळं दिसतं. तिथे उभी असलेली मुलगी दिसत नाही. वास आठवतो. एवढंच.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "मी तशी होते का हो?"

"कशी?"

"त्या वहीतल्या बाईसारखी."

ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मी पाणी कुठे पितो?"

"म्हणजे काय? स्वयंपाकघरात."

"का?"

"मला काय माहीत. तुम्हाला तिथे आवडतं."

"अगं, अकरा वर्षांपूर्वी तू म्हणालीस की माझ्या घोटाचा आवाज ऐकून तुला शिसारी येते. तेव्हापासून मी आत जाऊन पितो. सूपही उभ्याने पितो." त्यांचा आवाज चढला नव्हता. हवामान सांगावं तसं सांगत होते. "मी मोठा माणूस आहे, मला त्याचं काही वाटत नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगितलं."

मला त्यांचा राग आला. तेव्हाच का नाही सांगितलं? आणि आत्ताच का सांगितलं? हेही खरं की ते बोलत असताना मी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जमलेल्या थुंकीकडे बघत होते.

२२ मार्च, शनिवार

तीन दिवस नीट जेवले नाही. अन्नाची किळस म्हणून नव्हे. आरशात दात घासताना माझंच तोंड बघितलं, नाकपुड्या आवळलेल्या, वरचा ओठ थोडा उचललेला. मी काही वास घेत नव्हते. माझा चेहरा तसाच आहे. कधीपासून आहे?

मला वाईट वाटतं आहे का? प्रामाणिकपणे लिहायचं तर पकडले गेल्याचं वाईट वाटतं. बाकीचं अजून ठरत नाही.

ती नापास झाली तर ती माझ्यामुळे नापास होईल. हे मात्र सहन होणारं नाही. माझी विद्यार्थिनी व्याकरणात नापास!

२४ मार्च, सोमवार

सकाळी सात वाजता शेडमध्ये गेले. रुमाल घरी ठेवून. तिच्यापुढे उभी राहिले आणि जे पाठ करून आणलं होतं ते बोलायला सुरुवात केली. "मला असं म्हणायचंय की त्या काळी..."

"बाई, माफी मागायला आला असाल तर आत्ता वेळ नाही," ती म्हणाली. "चार बस उभ्या आहेत. आणि मला ती नकोच आहे. मी काय करू तिचं? शिकवायला आला असाल तर शिकवा. नऊ दिवस राहिलेत."

मी पालथ्या बादलीवर बसले. ती बस घासत होती, मी प्रश्न टाकत होते, ती पाण्याच्या आवाजावरून ओरडून उत्तरं देत होती. नकारार्थी वाक्यांत 'डिड' आलं की 'यूज्ड'मधला 'ड' गळतो, हे तिने तीनदा चुकवलं आणि चौथ्यांदा बरोबर सांगितलं. माझ्या चपलांत फेस शिरला. साडीचा काठ काळा झाला. दोनदा तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. गिळलं.

तासाभराने तिने मला पाणी दिलं. तिच्याच पेल्यातून, आधी विसळून. मी हातात धरला. काठावर ओलं होतं. मला पिता आलं नाही. खरंच नाही आलं. मी तो तसाच पायरीवर ठेवला आणि म्हटलं, तहान नाही. तिने पेल्याकडे बघितलं, पाणी टायरवर ओतलं आणि म्हणाली, "पुढचा प्रश्न."

१ एप्रिल, मंगळवार

आठ दिवस रोज गेले. आम्ही व्याकरणाखेरीज एक अक्षर बोललो नाही. काल ढेकर येऊन म्हणाला, "ताईंना स्पेशल शिकवणी आणि आम्ही काय सावत्र?" मग तोही बादली घेऊन बसला. ढेकर दिला. मी तोंड फिरवलं नाही. ह्यात मोठेपणा काही नाही, मान अवघडली होती.

उद्या परीक्षा.

२१ एप्रिल, सोमवार

निकाल लागला. अकरातले सात पास. ती पहिली. शंभरपैकी एक्याण्णव. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डेपोत पर्यवेक्षकाची जागा मिळाली. ढेकर बेचाळीस गुणांवर नापास झाला, म्हणाला, "आय यूज्ड टू फेल, आता पुढच्या वेळी बघू." वाक्य चुकीचं आहे. मी हसले.

२५ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी डेपोच्या सभागृहात छोटा समारंभ ठेवला. मला पुढच्या रांगेत बसवलं. माईकवरून म्हणाले, "आता आपल्या नव्या पर्यवेक्षक आपल्या लाडक्या मॅडमविषयी इंग्रजीतून दोन शब्द बोलतील."  दार कुठे आहे, ते मी बघून ठेवलं.

ती उठली. इस्त्रीची साडी, हात समोर, उघडे. माझ्याकडे न बघता इंग्रजीत बोलली, सावकाश. "ह्या बाई मी लहान असताना मला शाळेत शिकवायच्या. त्या मला खिडकीपाशी उभं करायच्या आणि पोतेरं म्हणायच्या. मला त्यांची भीती वाटायची. मार्च महिन्यात त्यांनी मला पुन्हा शिकवलं. ते त्यांनी चांगलं शिकवलं. थँक यू."

सवयीने मी प्रत्येक वाक्य तपासत गेले. कृतीला 'वुड', अवस्थेला 'यूज्ड टू', सगळं जिथल्या तिथे. काढायला एक चूक नव्हती. साहेबांना अर्ध्याहून जास्त कळलं नसावं, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ज्यांना कळलं त्यांनी वाजवल्या नाहीत. ढेकरने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं.

बाहेर पायऱ्यांवर ती माझ्यापाशी आली. मी म्हटलं, "बरोबर बोललात. सगळं."

"व्याकरण म्हणताय की बाकीचं?"

"दोन्ही."

ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "बाई, माझं जाऊ दे. मी दहावीपर्यंत तरी गेले. आमच्या वर्गात तो एक होता, वाचताना थुंकी उडायची त्याची. आठवतो?"

आठवला. लगेच आठवला, चेहऱ्यासकट. त्याची वाचायची पाळी आली की मी छत्री उघडायचे. वर्गात, टेबलापाशी, डोक्यावर. मुलं बाकांवरून कोसळायची. शिक्षकांच्या खोलीत मी तो किस्सा कित्येक वर्षं सांगत होते आणि माझ्याइतकं कुणी हसत नसे.

"त्याने सहावीतच शाळा सोडली," ती म्हणाली. "बाजाराच्या मागच्या गल्लीत कपडे दुरुस्त करतो. मी काही सांगत नाही, जा किंवा नका जाऊ." आणि ती बसकडे निघून गेली.

२८ एप्रिल, सोमवार

गेले.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक शिलाई मशीन, खुंट्यांवर लोकांच्या पँटी, चेन बदलायला आलेल्या बॅगा. कोंदट वास होता. दोन गिऱ्हाईकं उभी होती. तो खाली मान घालून शिवत होता. केस बरेच पांढरे झालेले, तोंडात टाचण्या. मी दोघांचं होईपर्यंत थांबावं म्हणून कडेला उभी राहिले. तेवढ्यात त्याने मान वर न करताच हाताने विचारलं, काय आहे?

मी म्हटलं, "कपडे नाही आणले. मी तुमची शाळेतली इंग्रजीची बाई."

मशीन थांबलं. त्याने वर बघितलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि उभा राहिला. वर जिना असल्यामुळे त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं, मान वाकडी करावी लागली. दोन्ही हात पाठीमागे गेले. ओठ घट्ट मिटलेले.

"बसा," मी म्हटलं. "बसा ना."

तो बसला नाही. गिऱ्हाईकं आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होती. मी पुन्हा म्हटलं, "अहो, बसा. मी सहज आलेय."

त्याने एक हात पाठीमागून काढला, तोंडापुढे आडवा धरला, आणि त्या हाताआडून, अगदी हळू आवाजात विचारलं,

"माझं काय चुकलं, बाई?"